पाहुण्यांना दिलेला खंदक

१ मे १८९८, रविवार

लहानपणी पहाटे मुसळांच्या आवाजाने जाग यायची. आई, मोठी काकू आणि शेजारीण, तिघी एका उखळाभोवती उभ्या राहून आळीपाळीने भात कांडायच्या. धप्, धप्, धप्, आणि मग श्वासाइतकी उसंत. पुढे मनिलाजवळच्या आमच्या पारान्याके गावच्या शाळेत चाळीस वर्षं मी पोरांना बारा अक्षरांची ओळ आणि सहाव्या अक्षरावरचा विसावा शिकवला, तो त्या उखळातून उचललेला. आज उजाडताना तोच आवाज कानावर आला. अर्धवट झोपेत वाटलं, आई उठली.

तोफा होत्या. मनिलाच्या उपसागरात अमेरिकन आरमार शिरलं आणि दुपारच्या आत कावितेसमोर स्पॅनिश जहाजं जळून पाण्यात बसली. सगळं गाव मिठागरांच्या बांधावर उभं राहून बघत होतं. थोरली सून साबिना भरतकामाची चौकट हातात घेऊनच धावत आली होती. सुई कापडात तशीच टोचलेली. बापाला हाक मारावी तशी म्हणाली, "तातांग, आता किल्ल्याची दारं उघडतील ना?"

माझा थोरला मुलगा सेवेरो, तिचा नवरा, वीस महिने मनिलाच्या किल्ल्यात कैदेत आहे. जिवंत आहे असं आम्ही धरून चाललो आहोत. मी म्हटलं, उघडतील.

२५ मे

धाकटा गास्पार घर सोडून स्पॅनिशांविरुद्ध लढणाऱ्या आमच्या सेनेत गेला. आमचे सेनापती हाँगकाँगहून परतले, तेही अमेरिकन जहाजातून, आणि बंदुका वाटल्या जात आहेत. जेवताना गास्पार म्हणाला, या अमेरिकनांना आपला एवढा पुळका का, हे एकदा कळलं पाहिजे.

मी त्याला इतिहास सांगितला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तेही आपल्या राजाशी लढले होते. लढाया हरले, थंडीत अनवाणी चालले, आणि एक मोठी लढाई जिंकल्यावर एका परक्या राजाने त्यांना पैसा, सैन्य आणि आरमार दिलं. त्या आरमाराने समुद्र अडवला म्हणून शत्रू शरण आला. काम झाल्यावर ते पाहुणं सैन्य आपल्या देशी निघून गेलं. ज्याने असा हात धरून नदी ओलांडली, तो दुसऱ्याला हात देणारच.

"आणि त्या राजाचं पुढे काय झालं?" गास्पारने विचारलं.

"त्याच्याच लोकांनी त्याचं मुंडकं उडवलं."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. साबिनाने त्याच्या पाठीवर थापटलं आणि भाताचा मोठा गोळा पानात वाढला. जाताना, खांबांवर उभ्या आमच्या घराच्या शिडीच्या पायथ्याशी, तो मला म्हणाला, "मी शहरात शिरेन तेव्हा आधी किल्ल्यावर जाईन. बाकीचं स्वातंत्र्य दुपारनंतर."

१२ जून, रविवार

होडीने कावितेला जाऊन आलो. पाठीचे मणके बोलू लागलेत, पण गेलो नसतो तर जन्मभर हळहळलो असतो. आमच्या सेनापतींनी खिडकीतून स्वतंत्र देशाचा झेंडा फडकवला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला तो फार लांबलचक, पण एका ओळीवर मी थबकलो: उत्तर अमेरिकेच्या बलाढ्य आणि दयाळू राष्ट्राच्या छत्राखाली. शेजारचा एक वकील पुटपुटला की स्वतंत्र माणसाला छत्र कशाला लागतं. मी त्याला गप्प केलं. वाक्याला चाल होती.

वाद्यवृंदाने एक नवी धून वाजवली. तिला शब्द नाहीत. परतीच्या वाटेवर मी होडीत बसून बोटांवर अक्षरं मोजत शब्द बसवत होतो. जमले नाहीत.

गास्पार आता कप्तान झाला आहे. त्याची माणसं समुद्राकाठच्या खंदकात आहेत, स्पॅनिश गढीपासून हाकेच्या अंतरावर. तिथून मनिलाच्या भिंती दिसतात. शहराला तिन्ही बाजूंनी आमच्या पोरांनी वेढलंय. आतले लोक घोडे मारून खातात अशी बातमी आहे. साबिना विचारते, मग कैद्यांना काय देत असतील?

१८ जुलै

आमच्या भुईमुगाच्या शेतात अमेरिकन तंबू उभे राहिले. हजारो माणसं, सगळी उंच, सगळी घामाने डबडबलेली. भुईमूग गेला. साबिना म्हणाली, विचारलं तरी असतं. मी म्हटलं, पाहुण्याला दार कुठलं ते कळायला वेळ लागतो.

त्यांचा एक लेफ्टनंट, हार्लन नावाचा, विहिरीवर पाणी मागायला आला. लढाईपूर्वी शाळामास्तर होता. कॉलेजात शिकलेलं स्पॅनिश बोलतो, अडखळत, पण व्याकरण चोख. माझ्या फळीवरची पुस्तकं पाहून त्याने टोपी काढली. मला भरून आलं.

आम्ही जेवायला बसलो होतो. रिवाजाप्रमाणे मी म्हटलं, या, जेवायला या. आमच्याकडे रस्त्याने जाणाऱ्यालाही हे म्हणतात, आणि तो म्हणतो, आत्ताच जेवलो, चालू द्या. तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच माणूस पान मांडू देतो. हार्लन पहिल्याच शब्दाला मांडी घालून बसला. मासा त्याने संपवला, चिंचेचं कालवण वाटी उचलून प्यायला. साबिना चुलीकडे वळली आणि तिने कोरडा भात मीठ लावून खाल्ला.

तो गेल्यावर म्हणाली, "बरं झालं, तुम्ही 'घर तुमचंच समजा' असं नाही म्हणालात."

मी म्हटलं होतं. स्पॅनिशमध्ये. तिला ती भाषा येत नाही.

२४ जुलै

हार्लन रोज येतो. आज मी त्याला विड्याचं पान दिलं, ते त्याने चावलं आणि तोंड लाल करून अंगणात थुंकत बसला. शेजारच्या बाया हसून लोळल्या. पण माणूस रसिक आहे. भरतीला आमच्या ओढ्याला किती पाणी असतं, ओहोटीला किती, लाकडी पूल किती पावलांचा, दक्षिणेच्या रस्त्याला विहिरी किती, सगळं विचारतो आणि वहीत टिपतो, चित्रंही काढतो. मी स्वतः त्याला काठीने पाणी मोजून दाखवलं. प्रवासवर्णन लिहितोय असा माझा अंदाज. इतक्या बारकाईने या गावाकडे मीही कधी पाहिलं नव्हतं.

त्याला सेवेरोबद्दल सांगितलं. माझा हात हातात घेऊन तो म्हणाला, "मास्तर, आम्ही शहरात शिरलो की पहिलं दार मी तुमच्या मुलाच्या कोठडीचं उघडेन."

हार्लनला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो. सेवेरो पकडला गेला तो स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या एका पत्रकामुळे. त्याने ते लिहिलं होतं, पण ओळी अडखळत होत्या. मी लाल शाईने दुरुस्त केल्या. पत्रक गादीत सापडलं तेव्हा शिपायांनी विचारलं, ही लाल अक्षरं कुणाची? सेवेरो म्हणाला, माझीच. मी खोलीत उभा होतो. त्याची कोपरं पाठीमागे बांधून त्याला नेलं तोवर मी एक शब्द बोललो नाही.

२८ जुलै

पाऊस. खंदकांत कंबरभर पाणी.

अमेरिकनांचं गास्पारला पत्र आलं: समुद्राकाठचा खंदक आम्हाला हवा, आमच्या तोफांना तीच जागा सोयीची. आमच्या सेनापतींकडूनही असा निरोप आहे की मित्रांना जागा द्यावी, पण बदल्यात काय मिळेल ते लेखी घ्यावं. गास्पार चिखलाने माखलेला घरी आला. गावातली सगळी स्पॅनिश पत्रं माझ्याच हातची असतात, तेव्हा हेही मीच लिहायचं. त्याने उभ्याउभ्या मजकूर सांगितला: खंदक सोडू, पण आधी तुमच्या वरिष्ठाच्या सहीचा कागद द्या, की शहरात दोन्ही सैन्यं बरोबर शिरतील आणि माझी तुकडी किल्ल्याच्या दारापर्यंत जाईल. कागद हातात येईपर्यंत आम्ही जागचे हलणार नाही. कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून तो परत गेला.

मी दोन तास लिहायला बसलो. त्या चार ओळी काट्यासारख्या टोचत होत्या. ज्याने आपल्या घरी मीठ खाल्लं, त्याच्याकडे सहीचा कागद मागायचा? माझ्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर तोंड लपवलं असतं. चाळीस वर्षं मी मुलांकडून एक ओळ घोकून घेतली, माझीच रचलेली: अतिथीच्या पावलाने उंबरा रुंद होतो. आणि आता पाहुण्याला उंबऱ्यावर उभं करून पावती मागू?

शेवटी मी असं लिहिलं: आमचा खंदक, आमच्या घरासारखाच, आपला आहे. मित्रांमध्ये कागदाची गरज नसते. आम्हाला खात्री आहे की आपण आम्हाला आपल्या शेजारी उभं कराल.

मला वाटलं होतं, एवढं वाचून सज्जन माणूस ओशाळेल आणि म्हणेल, छे, छे, कागद घ्याच. हार्लनने वाचलं, नीट घडी घातली, खिशात ठेवलं आणि सलाम केला.

२९ जुलै

सकाळी अमेरिकन खंदकात उतरले. आमची पोरं बंदुका डोक्यावर धरून चिखलातून मागे आली. त्याआधी पहाटे गास्पारने माणूस पाठवून विचारलं होतं, कागद आला का? मी चिठ्ठीवर लिहिलं होतं: शब्द मिळाला आहे.

चिठ्ठी गेल्यावर मी ती ओळ पुन्हा मनात वाचली. हे खोटं नाही. शब्द खरोखर मिळाला आहे, हार्लनचा, पहिल्या दाराचा.

१ ऑगस्ट

काल वादळी पावसात स्पॅनिशांनी त्या खंदकावर गोळ्यांचा मारा केला. दहाएक अमेरिकन पोरं मेली. भुईमुगाच्या शेताजवळ पुरली. मी जाऊन मेणबत्ती लावली, वाऱ्याने ती विझत राहिली. हार्लन वाचला. तो खंदक गास्पारकडे असता तर? हा विचार आला आणि त्या मेलेल्यांपुढे शरम वाटली.

१३ ऑगस्ट, शनिवार

मनिला पडलं.

सकाळी नऊनंतर जहाजांच्या तोफा सुरू झाल्या. मी बांधावर होतो. पण काय सांगू, त्या आवाजात जीव नव्हता. मे महिन्यातला दणका काळजात बसला होता. आजचा म्हणजे शाळेच्या समारंभात पोरं लुटुपुटूची लढाई करतात तसा, कुणाला लागणार नाही याची काळजी घेतल्यासारखा. गढीतून उत्तरही जेमतेम. अकराच्या सुमारास तटावर पांढरं फडकं दिसलं आणि संध्याकाळी अमेरिकन झेंडा.

साबिनाने सेवेरोसाठी नवा सदरा काढला, दोन वर्षं कोरा ठेवलेला, छातीवर तिने भरलेली वेल. तांदूळ भिजत घातले.

सेवेरोची वाट पाहत ती शिडीवर बसून आहे.

१५ ऑगस्ट

गास्पार आला. एकटाच. हातात एक कागद.

शहराच्या वेशीवर त्यांना अडवलं. ज्यांनी अडीच महिने वेढा घातला त्यांना पुलावर थांबवून, बंदुका रोखून सांगितलं: हत्यारं खाली ठेवा, नाहीतर मागे फिरा. गास्पारने हार्लनला गाठलं आणि म्हणाला, आपलं ठरलं होतं. हार्लनने खिशातून पत्र काढून गास्पारच्याच माणसांसमोर वाचून दाखवलं आणि विचारलं, कप्तान, ही तुमची सही ना? मग पत्र परत दिलं. त्याला आता त्याचा उपयोग नव्हता.

गास्पारने कागद माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "वाचा. शाळेत वाचायचात तसं, मोठ्याने."

मी म्हटलं, गास्पार, ऐक तर.

"वाचा, तातांग."

मी वाचलं. आधी स्पॅनिश, मग साबिनासाठी आपल्या भाषेत. आणि इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो: तिसऱ्या वाक्याला आवाज आपोआप चढला आणि विसाव्याच्या जागी थांबला, आणि क्षणभर मला ते वाक्य छान वाटलं.

गास्पारने तोंड फिरवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "माझ्या अकरा माणसांनी त्या खंदकात जीव दिला होता. मी चार ओळी सांगितल्या होत्या. चारच."

साबिना तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता बोलली, "सेवेरो लाल शाईपायी गेला. भावजी काळ्या शाईपायी." एवढंच. म्हणजे तिला लाल अक्षरांचं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं तिने मला वाढलं, पाय चेपले, आणि एकदाही बोलली नाही.

२६ ऑगस्ट

निःशस्त्र माणसाला शहरात जाऊ देतात. साबिना खारवलेल्या अंड्यांची टोपली घेऊन तीनदा गेली. किल्ल्यावर आता अमेरिकन पहारा. आज तिच्याबरोबर मीही गेलो. हार्लन भेटला. स्वच्छ गणवेश, दाढी केलेली. आदराने उभा राहिला, खुर्ची दिली. कैद्यांची यादी आमच्यासमोर बोटाने वरून खाली वाचली, दोनदा. जे राजकैदी सापडले ते सोडले, म्हणाला. सेवेरोचं नाव नाही. सोडलेल्यांत नाही, मेलेल्यांतही नाही.

मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता, पहिलं दार.

त्याला खरंच वाईट वाटलं असावं. मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, लेखी अर्ज द्या. इंग्रजीत. त्याशिवाय मला काही करता येत नाही."

परतताना साबिना पुढे, मी मागे. पुलावर तिने टोपली खाली ठेवली. मला धाप लागली होती, म्हणून थांबली असेल. मी म्हटलं, साबिना, तू मला बोल. काहीतरी बोल. ती म्हणाली, "चला, ऊन चढतंय," आणि माझी काठी नीट माझ्या हातात दिली.

३ सप्टेंबर

इंग्रजी येणारा एक जण सापडला. त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला. साधा, ओबडधोबड. मला त्यातला एकही शब्द कळत नाही, म्हणून एकही बदलता आला नाही. साबिनाने तो नेऊन दिला.

१४ सप्टेंबर

अमेरिकनांचा हुकूम आहे की आमच्या सेनेने उपनगरांतूनही मागे हटावं. गास्पारची तुकडी आता आमच्या मिठागरांपाशी खंदक खणते आहे. मी पाहायला गेलो. माती शहराच्या बाजूला टाकत आहेत. मी विचारलं, तोंड त्या दिशेला कशाला, तिथे तर मित्र आहेत? एक म्हातारा शिपाई माझाच विद्यार्थी निघाला. हात जोडून म्हणाला, "मास्तर, उन्हात उभे राहू नका."

गास्पारने तिथून ओढ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, भरतीला इथे पाणी किती होतं हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? मी त्याला सांगितलं. काठी, पूल, विहिरी, वही, सगळं सांगितलं. दुरुस्त न करता. तो ऐकत राहिला, मग फावडं उचलून आणखी डावीकडे, जिथे ओढा कमी खोल आहे तिकडे, नवी खूण करायला गेला. संध्याकाळी घरी जेवायला आला. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

१५ सप्टेंबर

दुपारची जेवणं व्हायची होती. भात, वाळवलेली मासळी. गास्पार बंदूक खांबाला टेकवून बसला होता. साबिना वाढत होती. अर्जाचं उत्तर आलेलं नाही आणि येणार नाही, हे आता तिघांनाही कळून चुकलं आहे, पण तसं कुणी म्हणत नाही.

खाली गाडी थांबली. रेड्याने फुसकारा टाकला. मला वाटलं, हार्लन. माझ्या मनाने अजून पाहुण्यांची वाट सोडलेली नाही, त्याला मी काय करू. मी सावरून बसलो, सदऱ्याचं बटण लावलं.

शिडीच्या तीन पायऱ्या करकरल्या आणि दारात डोकं दिसलं. पिकलेल्या मिशा, स्पॅनिश सार्जंटचा विटका निळा कोट, खांद्यावरच्या पट्ट्या उसवलेल्या. कंबरेला काही नाही. आमच्या दोन पहाऱ्यांतून हा माणूस एकटा कसा आला, देव जाणे. गास्पारने बंदूक उचलली होती. सार्जंटने दोन्ही तळहात दाखवले आणि माझ्याकडे पाहून स्पॅनिशमध्ये बोलला. मी ते शब्दाला शब्द साबिनासाठी सांगितलं, काही न घालता, काही न गाळता.

"मास्तर, मी किल्ल्यावर पहाऱ्याला होतो. यादीत तुम्हाला नाव सापडणार नव्हतं. ज्या आठवड्यात कैद्यांना गोळ्या घालायला नेत होते, त्या आठवड्यात मी तुमच्या सेवेरोला एका मेलेल्या रंगरूटाच्या नावाने इस्पितळात नोंदवलं. पुढे खरं नाव सांगायची मलाच हिंमत झाली नाही."

साबिनाच्या हातातली पळी भातात तशीच उभी राहिली.

"तो गाडीत आहे," सार्जंट म्हणाला. "त्याच्या पायांत आता जोर नाही. ही शिडी मला एकट्याला झेपायची नाही."

गास्पारने बंदूक खाली ठेवली.